त्या रात्री रेडिओ बंद होता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नभोवाणीवरून बोलायचे तर सुरुवातही नभोवाणीच्याच एका गोष्टीने करावी. दिवस ३१ जानेवारी १९५३, शनिवार. नेदरलँड्समध्ये त्या दिवशी राजकन्या बेआट्रिक्सचा पंधरावा वाढदिवस होता. उत्तर समुद्रात वायव्येकडून मोठे वादळ येत होते आणि नुकतीच पौर्णिमा होऊन गेल्यामुळे भरतीला उधाण होते. हवामान खात्याने धोक्याचा इशारा काढला, संध्याकाळी तो रेडिओवरून सांगितलाही गेला. पण मध्यरात्री रेडिओ बंद झाला. त्या काळी रिवाजच तसा होता. रात्री कोण ऐकणार?

पहाटेच्या अंधारात झीलंड प्रांतातले समुद्रबांध एकामागून एक फुटू लागले. लोक अंथरुणातून उठले तेव्हा घरात पाणी होते. काही जण माळ्यावर, काही छपरावर चढले. रविवारी दुपारी दुसरी भरती आली आणि रात्रभर तग धरून राहिलेली कितीतरी घरे तिने कोसळवली. एकूण १,८३६ माणसे मेली.

त्याच रात्रीचा एक प्रसंग मला नेहमी आठवतो. रॉटरडॅमजवळ आयसल नदीचा बांध खचू लागला. त्याच्यामागे दाट वस्तीचा सारा सखल मुलूख होता. तिथल्या नगराध्यक्षांनी एका मालवाहू बोटीच्या तांडेलाला सांगितले, तुझी बोट या भगदाडात घाल. आरी एव्हेग्रून असे त्या तांडेलाचे नाव. त्याने बोट आडवी घातली, भगदाड बुजले आणि बांध टिकला. बोटीचे नाव होते 'दोन भाऊ'.

हे बांध पुरेसे उंच नाहीत, हे कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. योहान फान फेन हा सरकारी अभियंता कितीतरी वर्षे तेच सांगत होता. त्याने स्वतःला 'डॉक्टर कॅसँड्रा' असे टोपणनाव घेतले होते. कॅसँड्रा म्हणजे ग्रीक पुराणातली राजकन्या, जिची भाकिते खरी ठरत पण कोणी विश्वास ठेवत नसे. महायुद्ध झाले, मग पडलेली घरे उभारायची होती, पैसा नव्हता. पूर आला आणि तीन आठवड्यांच्या आत सरकारने आयोग नेमला. त्यातून उभे राहिलेले 'डेल्टा' प्रकल्पाचे काम चार दशकांहून अधिक काळ चालले. पूर्व स्खेल्ड खाडीच्या मुखावरचा, दारे असलेला अडसर १९८६ मध्ये पुरा झाला. रॉटरडॅमच्या वाटेवरची प्रचंड फिरती दारे १९९७ मध्ये. देशाच्या मध्यभागासाठी त्यांनी मोजमाप ठरवले ते असे, की दहा हजार वर्षांत एकदा येईल एवढ्या पाण्याला बांध पुरला पाहिजे. आपल्याकडून जाणारे प्रवासी पवनचक्क्या आणि ट्यूलिपची फुले पाहून येतात. जमल्यास ही दारेही पाहावीत.

हवामान बदलावर बोला असे मला सुचवण्यात आले, तेव्हा ही जुनी गोष्ट काढण्याचे कारण सांगतो. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातल्या समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग चढता आहे. एक वीत पाणी, ऐकायला किरकोळ वाटते. पण ते साऱ्या किनाऱ्यांना सारखे भोवत नाही, आणि का भोवत नाही हे कळायला इतिहासात जावे लागते. त्यासाठी नेदरलँड्सशेजारी दुसरा देश ठेवून पाहावा. तोही मोठ्या नद्यांच्या मुखाशी वसलेला, तितकाच सखल, पण गरीब.

१२ नोव्हेंबर १९७०. पुन्हा पौर्णिमेचे उधाण. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला, हातिया आणि आसपासच्या बेटांवर रात्री चक्रीवादळ आदळले. किती माणसे गेली याचा नेमका हिशेब कधीच लागला नाही. तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत अंदाज आहेत. पुढे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी गावोगाव पाहणी केली. वादळ येत आहे, हे जवळपास ९० टक्के लोकांना आधी कळले होते. पक्क्या इमारतीचा आसरा घेतला होता फक्त एक टक्का लोकांनी.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. झीलंडमध्ये इशारा पोहोचला नाही म्हणून माणसे झोपेत सापडली. इथे इशारा पोहोचला होता. पण पोहोचून करायचे काय? मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, चहूकडे सपाट चर. पळून जायचे कुठे? वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर, मांड्यांवर खरचटल्याच्या मोठ्या जखमा डॉक्टरांना आढळल्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा. ज्यांच्या हातांत तेवढे बळ होते ते वाचले. मेलेल्यांत निम्मी दहा वर्षांखालची मुले होती.

मदतीला झालेल्या दिरंगाईचा राग मनात धरूनच पूर्व पाकिस्तान निवडणुकीला सामोरे गेले. अवामी लीगने तिथल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या आणि वर्षभरात नवा देश जन्माला आला. वादळामुळे देश झाला असे मी म्हणणार नाही, त्याची कारणे पुष्कळ जुनी आहेत. पण त्या वादळाशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही.

नव्या देशाने रेडक्रॉसच्या साहाय्याने जे काम हाती घेतले, त्याला डेल्टा प्रकल्पासारखा पैसा लागत नव्हता. गावागावात स्वयंसेवक नेमायचे. प्रत्येकाकडे कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा आणि झेंडे. धोका वाढेल तसा एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. रेडिओवर आलेला इशारा या माणसाने घरोघरी जाऊन सांगायचा, कारण तो गावचा असतो, त्याचे ऐकले जाते. गुरांसाठी मातीचे उंच ओटे घातले. गुरे सोडून शेतकरी घराबाहेर पडत नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

तरी २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. या वेळी आकड्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली. वीस ते चव्वेचाळीस वर्षे वयाच्या पुरुषांत हजारी १५ मृत्यू, त्याच वयाच्या स्त्रियांत ७१. नवऱ्याच्या परवानगीशिवाय घर सोडायचे नाही, निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची नाही, तिथे वेगळे शौचालय नाही, कडेवर मूल, अंगाला ओल्या साडीचा पीळ. समुद्र सर्वांना सारखाच लेखत असेल, गाव तसे लेखत नव्हते.

त्यानंतर निवारे वाढले. उंच खांबांवरची इमारत, खाली मोकळे, वर शाळा. वादळात तीच निवारा. स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या. आज स्वयंसेवकांची संख्या ७६ हजारांच्या घरात आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. नोव्हेंबर २००७ च्या 'सिद्र' वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. मे २०२० मध्ये 'अम्फान' आले, करोनाच्या ऐन धास्तीत वीस लाखांहून अधिक माणसे हलवली गेली आणि बांगलादेशात मृतांचा आकडा शंभरच्या पुष्कळच आत राहिला. आपल्या ओडिशानेही असाच धडा घेतला: १९९९ मध्ये सुमारे दहा हजार मृत्यू, २०१९ च्या 'फनी'त ६४. उलट म्यानमारमध्ये, त्याच बंगालच्या उपसागराकाठी, मे २००८ मध्ये 'नर्गिस'ने सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. भारतीय हवामान खात्याने ४८ तास आधी कळवले होते. लष्करी राजवटीने ते गावांपर्यंत पोहोचवण्याची पुरेशी तसदी घेतली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही सुखान्त कथा झाली असती. पण वादळातून वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर जगायचे असते.

बांगलादेशाच्या नैर्ऋत्येला, खुलना आणि सातखिरा भागात, जमीनदारांच्या काळी शेतकरी दरवर्षी हंगामी बांध घालत. त्यांना 'अष्टमासी' बांध म्हणत. आठ महिने खारे पाणी अडवायचे आणि पावसाळ्यात नदीचा गाळ शेतात येऊ द्यायचा. कोकणातली खारबंदिस्ती किंवा गोव्यातली खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १९६० च्या दशकात परदेशी मदतीने तिथे कायमचे बांध झाले. कल्पना डच, 'पोल्डर' हा शब्दच बंगालीत रुळला. पहिली काही वर्षे पीक उत्तम आले. मग दिसू लागले, की गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यात गाळ अफाट. तो बांधाआड येईना, नदीच्याच पात्रात साठला. पात्र वर आले, शेत खाली गेले. ३२ क्रमांकाच्या पोल्डरमधली जमीन बाहेरच्या नैसर्गिक जमिनीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेल्याचे मोजले गेले आहे. समुद्र शंभराहून अधिक वर्षांत वीतभर चढला. इथे जमीन पन्नास वर्षांत पुरुषभर नाही तरी कमरेएवढी नक्कीच खाली गेली. सगळा दोष हवामान बदलाच्या माथी मारणे सोपे आहे. तो खरा आहे, पण आधीच खोल गेलेल्या जमिनीवर तो येऊन पडतो.

मे २००९ मध्ये 'आयला' वादळात हे बांध फुटले. माणसे त्या मानाने थोडी मेली, कारण निवारे होते. पण खारे पाणी काही गावांतून जवळजवळ दोन वर्षे हटले नाही. कुटुंबे फुटक्या बांधावर झोपड्या घालून राहिली. तळी खारट झाली. पिण्याच्या पाण्यासाठी बायका मैलोगणती जाऊ लागल्या. दाकोप भागातल्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढण्याचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या मिठाशी असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. या संकटाला कोणता झेंडा लावायचा? हे एका रात्रीत येत नाही.

यावर उपाय सुचला तो तिथल्याच शेतकऱ्यांना. १९९७ मध्ये भायना बिलाच्या (बील म्हणजे उथळ, विस्तीर्ण पाणथळ) भोवतालच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता बांध कापला. भरतीबरोबर गाळ आत येऊ लागला, ओहोटीच्या ओढीने हरी नदीचे पात्र खोल झाले. चारेक वर्षांत बिलाची जमीन उंचावली. मग अभियंत्यांनी या युक्तीला शास्त्रीय नाव दिले आणि ती सरकारी धोरणात आली.

गंमत अशी की जवळपास त्याच सुमारास डचही बांधांपलीकडचा विचार करू लागले होते. १९९५ मध्ये नद्यांना पूर येऊन अडीच लाख लोक हलवावे लागले, तेव्हा बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा द्यायची असे त्यांनी ठरवले. ओव्हरडीप नावाच्या सखल भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच योजना मांडली: आमची जमीन पुराला घ्या, पण घरे आणि गोठे उंच टेकाडांवर बांधून द्या. बांध येण्यापूर्वी त्यांचे पूर्वज अशाच टेकाडांवर राहत. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. निम्म्याच्या आसपास कुटुंबे नव्या टेकाडांवर गेली, बाकीच्यांनी पैसे घेऊन दुसरीकडे शेती केली.

युक्ती एकच, तिजोऱ्या दोन. नेदरलँड्समधला माणूस बांगलादेशातल्या माणसाच्या सुमारे दहापट कार्बन हवेत सोडतो. डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्वतःच्या सरकारला तो कमी करण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत नुकसानभरपाईचा जागतिक निधी मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. बिलातल्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याहून साधा आहे. गाळ भरेपर्यंत तीन-चार वर्षे माझे शेत पाण्याखाली राहणार, तोवर मी खायचे काय? भरपाई ठरली होती, पण कागदपत्रांच्या चकरांत ती बहुतेकांच्या हाती पडली नाही. २०१२ मध्ये कापालिया बिलाची पाळी आली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी बांध कापू दिला नाही.