आवाज फुटलेल्या पोराची गोष्ट

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत, गणपतीत गाणं म्हणायला माझा नंबर ठरलेला असायचा. आठवीत असताना स्टेजवर वरचा सा लावायला गेलो आणि गळ्यातून भलतंच काहीतरी निघालं. लोक हसले. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. मग मी इंजिनिअर झालो. असो.

म्हणूनच भास्करबुवा बखल्यांची गोष्ट वाचताना मी एकदम सावरून बसलो. बुवांचा जन्म १८६९चा. गोड गळ्यामुळे लहानपणीच किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरकाव झाला. 'रामराज्यवियोग'मधल्या त्यांच्या कैकेयीचं नाव झालं. आणि मग आवाज फुटला. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. हे सगळ्याच मुलांचं होतं. पण त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करायचे, त्यामुळे फुटलेल्या आवाजाचा पोरगा कंपनीच्या काय कामाचा? आमच्या भाषेत सांगायचं तर थेट बेंचवर!

बुवा कंपनी सोडून बडोद्याला फैज महंमद खाँकडे गेले. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ. तीन उस्ताद, तीन वेगळ्या गायकी. लहानपणी देवानं दिलेला गळा होता. आता जे आलं ते एकेक स्वर घासून आलं. मला वाटतं, शिकवण्याची ताकद इथूनच आली असावी. ज्याला सगळं आपोआप येतं, त्याला दुसऱ्याचं नेमकं कुठे अडतंय ते चटकन कळत नाही.

१९११मध्ये बुवांनी पुण्यात गायनशाळा काढली, तीच पुढे भारत गायन समाज म्हणून ओळखली गेली. घरात राहून वर्षानुवर्षं उस्तादांची सेवा करायची, तेव्हा कुठे विद्या मिळायची, अशा काळात ही शाळा निघाली हे लक्षात घ्या. त्याच सुमारास कृष्णराव फुलंब्रीकर त्यांच्याकडे शिकायला आले. तेही नाटकात नाव कमावलेले बालनटच! पुढे ते मास्तर कृष्णराव झाले.

आणि बालगंधर्वही बुवांचेच शिष्य. १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं 'स्वयंवर' रंगमंचावर आणलं, तेव्हा चाली बुवांच्या होत्या. ज्या रंगभूमीला त्यांचा आवाज नकोसा झाला होता, तिथे आता रुक्मिणीच्या तोंडून त्यांचंच गाणं ऐकू येत होतं.

बुवा १९२२मध्ये, जेमतेम बावन्न वर्षांचे असताना गेले. त्यांची शाळा मात्र शंभरी ओलांडून पुढे गेली.

गेल्या रविवारी मी पेटी काढली आणि लहानपणीची पट्टी सोडून चांगला खाली सा धरला. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही.