शहाण्याने पायरी का चढू नये?

'शेतकऱ्याचा असूड' वर्गात शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या या ग्रंथात सरकारी कचेऱ्यांतून नागवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र आहे. ते वाचून एखादा विद्यार्थी विचारतो, "पण या लोकांनी वर तक्रार का केली नाही?" आपण शिक्षक मंडळी अज्ञान, भीती, दैववाद अशी ठरलेली उत्तरे देऊन पुढे सरकतो. अविद्येला दोष खुद्द फुल्यांनीही दिला, तेव्हा ते उत्तर अगदीच निराधार नाही. तरीही आमचे त्याने समाधान होत नाही, आणि त्याला कारण आपलीच एक म्हण आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे ती बजावते. तिच्यातला 'कोर्ट' हा शब्दच तिचे वय सांगतो. ती इंग्रजी अमदानीतली आहे. आणि उपदेश अडाण्याला नाही, शहाण्याला आहे! गप्प राहणे हे येथे अनुभवातून आलेले शहाणपण मानले गेले आहे.

हे शहाणपण कोठून येते याची सविस्तर नोंद करणारा एक दस्तऐवज आपल्या मुंबई इलाख्यातला नसून मद्रास इलाख्यातला आहे. राज्य मात्र एकाच कंपनीचे होते. शेतसारा वसूल करण्यासाठी मद्रासेकडे रयतेचा शारीरिक छळ होतो, असा आरोप जुलै १८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात झाला. त्याचा इन्कारही झाला. तेव्हा मद्रास सरकारने एलियट, स्टोक्स आणि बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन यांचा आयोग नेमला. ज्याला काही सांगायचे असेल त्याने सांगावे, असे आयोगाने जाहीर केले आणि १,९५९ तक्रारी येऊन पडल्या. बोटे पिळून काढणारी 'किट्टी' नावाची लाकडी पकड, मान वाकवून पायाच्या अंगठ्यांशी दोरीने बांधून ठेवणे, उन्हात उभे करणे – प्रकार पुष्कळ होते, त्यांच्या तपशिलात येथे शिरत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की कालपर्यंत 'मुके' म्हणून गणले गेलेले लोक, विचारणारा नेहमीच्या साखळीबाहेरचा आहे असे दिसताच बोलू लागले.

एप्रिल १८५५ च्या अहवालात आयोगाने कबूल केले, की छळ होतो या खात्रीपेक्षाही दाद मिळण्यातली अडचण आपल्याला अधिक क्लेशकारक वाटली. कलेक्टरची कचेरी दूर. जाण्यायेण्याचा खर्च, शेतीचे बुडालेले दिवस, शिवाय तेथे ताटकळणे. बरे, घरबसल्या अर्ज लिहून पाठवावा, तर त्यावर नेहमीचा शेरा मारला जाऊन तो तहसीलदाराकडे चौकशीसाठी परत येणार, ही धास्ती. तहसीलदार म्हणजे त्या मुलखातला महसुलाचाही अधिकारी आणि पोलिसांचाही. ज्याने स्वतः किंवा आपल्या शिपायांकरवी मारले, त्याच्याच हाती मार खाणाऱ्याचा अर्ज! त्या अर्जावर अर्जदाराचे नाव आणि गाव असायचेच.

इतके करून आरोप शाबीत झाला, तरी मॅजिस्ट्रेटला देता येणारी शिक्षा पन्नास रुपये दंड किंवा एक महिना कैद. लाच उकळल्याचा आरोप असेल तर आधी असिस्टंट कलेक्टर, त्यावर कलेक्टर, त्यावर महसूल मंडळ अशी अपिलांची उतरंड. या कामासाठी १८२२ आणि १८२८ चे दोन कायदे मौजूद होते. त्यांच्याखाली रयतेने कधी फिर्याद केल्याचे आमच्या माहितीत नाही, असे आयोगच म्हणतो. आणि खुद्द सरकारी सारा वसूल करताना केलेल्या बळजोरीला तर कायद्यात शिक्षाच नव्हती. अशा वेळी घरी बसणाऱ्या कुळाला भित्रा म्हणायचे की हिशेबी? साक्षीदाराचा हिशेब त्याहून सोपा. त्याची स्वतःची साऱ्याची बाकी त्याच तहसीलदाराकडे असे, आणि दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ सांगायला गेलेल्याची पाठ काही मोकळी राहणार नव्हती.

अहवालाने शेवटी जे केले त्याची आम्हांस मौज वाटते. रयतेचे गाऱ्हाणे देशी अंमलदारांविरुद्ध आहे, युरोपियन अधिकाऱ्यांविरुद्ध नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. पण अर्ज तहसीलदाराकडे परत पाठवणारा शेरा कलेक्टरच्याच कचेरीतून सुटत होता, आणि ही गोष्ट त्याच अहवालात नमूद आहे.

पुढे सुधारणा झाल्या, त्या किरकोळ नव्हत्या. १८५९ च्या कायद्याने मद्रासेत महसूल आणि पोलीस वेगळे झाले. १८६१ मध्ये पोलिसांचा अखिल भारतीय कायदा आला. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ही मनाई कायम आहे. म्हणजे ठाण्यात आरोपीच्या तोंडून निघालेल्या कबुलीवर कायदा दीडशे वर्षे विश्वास ठेवीत नाही, आणि फिर्यादीने मात्र त्याच ठाण्यात, त्याच टेबलासमोर बसून आपली हकिगत निर्धास्तपणे सांगावी अशी त्याची अपेक्षा आहे. साक्षीदाराचेही तसेच. काही गंभीर गुन्ह्यांची खबर देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असल्याचे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेले होते, १९७३ च्या संहितेत होते, २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या देशव्यापी योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१८ मध्ये.