चालू न शकणाऱ्या रुग्णांची हृदयतपासणी : औषधी ताण-चाचणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

रुग्णास सरकत्या पट्ट्यावर चालावयास लावून त्याच्या हृदयाचा विद्युत् आलेख काढण्याची पद्धत आता सर्वपरिचित आहे. 'स्ट्रेस टेस्ट' हा शब्द वैद्यकाशी संबंध नसलेल्या सुशिक्षितांच्या बोलण्यातही रुळला आहे. परंतु ज्याचे गुडघे झिजले आहेत, अर्धांगवायूने ज्याची एक बाजू लुळी पडली आहे किंवा ज्याच्या पायांच्या रोहिण्याच बुजत आल्या आहेत, अशा रुग्णाचे काय करावयाचे, हा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. औषधी ताण-चाचणी हे त्याचे आज मान्य झालेले उत्तर होय. ही चाचणी म्हणजे व्यायाम-चाचणीची केवळ बदली आवृत्ती, अशी समजूत पुष्कळदा आढळते. प्रस्तुत लेखात तिच्या उगमाचा मागोवा घेऊन ही समजूत कितपत टिकते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

श्रमाची कसोटी

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीच्या एका व्याधीचे वर्णन वाचले; ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर आणि भोजनानंतर, छातीत कळ येते आणि रुग्ण उभा राहताच ती ओसरते, हे त्यांनी नोंदविले. रोग विश्रांतीत दडतो आणि श्रमात प्रकट होतो, हे पुढील सर्व चाचण्यांचे सूत्र या निरीक्षणातच आहे.

न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर यांनी १९२९ साली ओपेनहायमर यांच्यासह दोन पायऱ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. नऊ-नऊ इंच उंचीच्या पायऱ्या रुग्णाने ठरावीक वेळा चढावयाच्या व उतरावयाच्या. किती वेळा, हे वय, लिंग व वजन पाहून कोष्टकावरून ठरे. प्रारंभी नाडी व रक्तदाब एवढेच मोजले जात. विद्युत् आलेखाची जोड १९४० च्या दशकात मिळाली. १९६३ मध्ये सिॲटल येथील रॉबर्ट ब्रूस यांनी तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यांत पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवीत नेणारी पद्धत मांडली व ती जगभर रूढ झाली.

पायरी काय किंवा पट्टा काय, दोहोंनी रुग्णाचे पाय धडधाकट आहेत असे गृहीत धरले होते. श्रमाविना हृदयावर ताण आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट लेव्ही यांनी रुग्णास केवळ दहा टक्के प्राणवायू असलेली हवा हुंगवून आलेख काढले. १९६७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी नीलेतून हृदयापर्यंत तार नेऊन विद्युत्स्पंदांनी ठोके वाढविले. पहिला मार्ग रुग्णास त्रासदायक होता, दुसऱ्यासाठी शरीरात तार घालावी लागे. नित्याच्या तपासणीत दोहोंपैकी एकही रुजला नाही.

फसलेल्या औषधाचे पुनरुज्जीवन

या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती चाचणीसाठी मुळीच न बनविलेल्या एका औषधामुळे. डायपिरिडॅमोल हे द्रव्य जर्मनीतील बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीने १९५९ च्या सुमारास हृद्‌शूळावरील उपचार म्हणून आणले. ते हृदयाच्या रोहिण्या विस्फारते व रक्तप्रवाह वाढविते. तेव्हा रक्ताच्या अभावाने उद्भवणारी कळ त्याने शमावी, हा तर्क सरळ होता. प्रत्यक्षात रुग्णांना अपेक्षित गुण आला नाही, आणि शिरेवाटे अधिक मात्रा दिल्यास काहींना कळ उलट सुरू होई.

याचे कारण प्रयोगशाळेत उलगडले. अरुंद झालेल्या रोहिणीच्या पलीकडील सूक्ष्म वाहिन्या भूक भागविण्यासाठी आधीच पूर्ण उघडलेल्या असतात; औषधाने त्या आणखी उघडणार कशा? निरोगी रोहिणीच्या वाहिन्या मात्र सैल पडतात आणि तिकडे प्रवाह अनेक पटींनी वाढतो. दोन भागांना जोडणाऱ्या उपवाहिन्या असल्यास रोगग्रस्त भागाच्या वाट्याचे रक्तही तिकडे वळते. फॅम व मॅकग्रेगर यांनी १९६४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत असा परिणाम नोंदविला. पुढे त्यास 'रक्तचोरी' या अर्थाचे नाव पडले. उपचाराच्या दृष्टीने हा दोषच होता. पश्चिम जर्मनीत टाउखर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली याच दोषाचा निदानासाठी उपयोग करून आलेखाची चाचणी मांडली.

तात्त्विक पाया मात्र लान्स गूल्ड यांनी घातला, आणि तोही ब्रूस यांच्याच सिॲटलमध्ये. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या श्वानांवरील प्रयोगांत त्यांना असे आढळले, की रोहिणीचा व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत विश्रांतीतील प्रवाह कमी होत नाही. प्रवाह वाढविण्याची कमाल क्षमता मात्र त्याच्या कितीतरी आधी, व्यास निम्म्यावर येण्यापूर्वीच, खालावू लागते. मोजावयाची ती ही राखीव क्षमता. १९७८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी डायपिरिडॅमोल शिरेवाटे चार मिनिटे देऊन थॅलियम-२०१ या किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने हृदयस्नायूची प्रतिमा घेतली. जेथे प्रवाह वाढला नाही तेथे प्रतिमेत फिकट डाग दिसला, आणि निदानक्षमता व्यायामाच्या चाचणीइतकीच भरली.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. व्यायामात हृदयाची मागणी वाढते व पुरवठा अपुरा पडतो. गूल्ड यांच्या पद्धतीत मागणी फारशी वाढतच नाही. केवळ दोन रोहिण्यांच्या क्षमतेतील तफावत उघडी पडते. हृदय उपाशी पडण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून या चाचणीस नक्कल म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. तिने विचारलेला प्रश्नच निराळा होता.

१९८५ ची एक छोटी पाहणी

पायांच्या किंवा महारोहिणीच्या शस्त्रक्रियेस येणारा रुग्ण हा या विषयातील कळीचा रुग्ण होय. त्याच्या पायांत जो विकार, तोच बहुधा हृदयातही असतो. चालता येत नसल्याने त्याला छातीत कळ येत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्यालाच मोठा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील चार्ल्स बाउचर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली अशा शस्त्रक्रिया झालेल्या ४८ रुग्णांचा वृत्तान्त दिला. औषधानंतर दिसलेला डाग काही वेळाने भरून येणे, म्हणजे स्नायू जिवंत पण टंचाईत असणे, हे १६ जणांत आढळले. त्यांपैकी ८ जणांना शस्त्रक्रियेनंतर हृदयविषयक गुंतागुंत झाली. उरलेल्या ३२ जणांत एकासही नाही. संख्या लहान, पण निष्कर्ष इतका ठसठशीत की चाचणीस वैद्यकात हक्काचे स्थान मिळाले. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिरेवाटे डायपिरिडॅमोल देण्यास या तपासणीपुरती मान्यता दिली.

नंतरची औषधे

डायपिरिडॅमोल पेशींकडून ॲडेनोसिन शोषले जाऊ देत नाही व त्यायोगे रोहिण्या विस्फारतात. मग ॲडेनोसिनच का देऊ नये? त्याचा हृदयावरील परिणाम ड्र्युरी व सेंट-ज्यॉर्जी यांनी केंब्रिजमध्ये १९२९ सालीच वर्णिला होता. रक्तातील त्याचे अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी असल्याने त्रास झाल्यास औषध थांबविणे पुरे होते. अमेरिकेत १९९५ मध्ये ते या तपासणीसाठी मान्य झाले; एकाच मात्रेत देता येणारे रेगाडेनोसॉन २००८ मध्ये आले. चहा-कॉफीतील कॅफीन या औषधांचे ग्राहीच अडवून धरते. त्यामुळे तपासणीपूर्वी चहा वर्ज्य असतो, आणि सकाळचा चहा चुकविणे हीच काही रुग्णांना चाचणीतील सर्वांत कठीण अट वाटते! कॅफीनचाच भाऊबंद असलेले ॲमिनोफायलीन उतारा म्हणून हाताशी ठेवले जाते.

दम्याच्या रुग्णांना डायपिरिडॅमोल व ॲडेनोसिन सोसत नाहीत. त्यांच्यासाठी डोब्युटामीन उपयोगी पडले. १९७५ साली पुढे आलेले हे औषध हृदयाचे ठोके व जोर दोन्ही वाढविते. खऱ्या अर्थाने व्यायामाची नक्कल करते ते हेच. १९८६ मध्ये बेल्जियममधील लीएज येथील संशोधकांनी त्यास इकोकार्डिओग्राफीची जोड दिली. त्याआधी १९८५ मध्ये पिसा येथे युजेनिओ पिकानो यांनी डायपिरिडॅमोलसह इको करून पाहिली होती. यात किरणोत्सारी द्रव्य लागत नाही.

जोखीम आणि मर्यादा

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत डायपिरिडॅमोल दिलेल्या ७३,८०६ रुग्णांत हृदयविषयक मृत्यू ७ व प्राणघातक न ठरलेले झटके १३ आढळले. प्रमाण अत्यल्प खरे. तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲडेनोसिन व रेगाडेनोसॉनबाबत झटका व मृत्यूच्या विरळ धोक्याचा इशारा दिला आणि अस्थिर लक्षणांच्या रुग्णांत ती टाळण्यास सांगितले.

याहून अवघड पेच उपयोगाचा. बाउचर यांच्या पाहणीनंतर डाग दिसला की आधी हृदयाच्या रोहिण्या दुरुस्त कराव्यात, असा प्रघात पडला. २००४ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ५१० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या रोहिण्या दुरुस्त केलेल्या गटात २.७ वर्षांनी मृत्यूचे प्रमाण २२ टक्के होते, न केलेल्या गटात २३ टक्के. डाव्या मुख्य रोहिणीचा गंभीर विकार असलेल्यांना त्यात घेतलेले नव्हते, हे विसरता कामा नये. तरीही धोका आधी कळणे आणि तो टाळता येणे यांतील अंतर या आकड्यांतून समोर आले.

पट्ट्यावर रुग्ण किती मिनिटे चालला, ही माहिती औषधी चाचणीत मिळत नाही. आणि पुढील आयुष्याचा अंदाज बांधताना ती आलेखाइतकीच मोलाची ठरते. प्रतिमा निर्दोष असूनही औषधी चाचणी झालेल्यांना नंतरच्या वर्षांत हृदयविकाराचा उपद्रव व्यायाम करू शकलेल्यांपेक्षा अधिक होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्यांचे वय व इतर व्याधी हे त्याचे एक कारण असते. म्हणूनच अहवालात 'निर्दोष' हा शेरा लिहिताना रुग्णास चालता का आले नाही, हेही त्याच पानावर नोंदविलेले असणे आवश्यक आहे.