म्हातारपणाची खतावणी

वृद्धाश्रम चांगला चालला आहे हे कशावरून ओळखायचे? खाटा किती, माणसे किती, माणशी महिना खर्च किती, असे विचारले तर कोणताही व्यवस्थापक वही उघडून दाखवील. त्या खर्चातून आतल्या माणसाच्या पदरात काय पडले, असे विचारले की वही मिटते. या दुसऱ्या प्रश्नाशी इंग्लंडने जवळजवळ पावणेदोनशे वर्षे झटापट केली. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. उमेदीची वर्षे हिशेब तपासण्यात गेली आणि त्याच सवयीने मी हा इतिहास वाचत आलो आहे. त्यातली काही पाने वाचकांपुढे ठेवतो.

पहिले पान १८३४ सालचे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गरिबांविषयीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, असा नव्या व्यवस्थेचा रोख होता. आतल्या माणसाची स्थिती बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा बरी दिसता कामा नये, हे तिचे सूत्र. धडधाकट माणसाला धाक बसावा म्हणून बेतलेल्या या घरांत पुढे म्हातारी आणि आजारी माणसेच मोठ्या संख्येने साठली. कायद्याआधी इंग्लंड-वेल्समध्ये गरिबांवर वर्षाला सुमारे ६३ लाख पौंड खर्च होत. १८३७ पर्यंत हा आकडा ४० लाखांच्या आसपास आला. चांगल्या पिकांचाही त्याला हातभार होता, पण श्रेय कायद्याने घेतले. मग १८४५ मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसची हकिगत बाहेर आली. खतासाठी हाडे कुटण्याच्या कामावर लावलेली माणसे भुकेपोटी त्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज खात होती. माणशी आठवड्याच्या खर्चाच्या रकान्यात यातले काहीच उमटले नसते. उलट तिथे काटकसरच दिसली असती.

दुसरे पान १९४८ चे. राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुनी व्यवस्था मोडीत काढली आणि वृद्धांसाठी निवासाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांच्या डोळ्यांसमोर २५-३० जणांची छोटी घरे होती. तिथे म्हाताऱ्याने आश्रित म्हणून न राहता हॉटेलातल्या पाहुण्यासारखे राहावे. म्हणून त्याने आपल्या २६ शिलिंगांच्या पेन्शनीतून किमान २१ शिलिंग राहण्या-जेवण्याचे द्यावेत आणि ५ हातखर्चाला ठेवावेत, असा हिशेब होता. कल्पना उमदी होती, पैसा नव्हता. जुन्या वर्कहाउसांच्याच इमारती नवी पाटी लावून चालू राहिल्या, आणि नवी घरे बांधताना ‘माणशी खर्च कमी पडतो’ म्हणून ती मोठी होत गेली.

पीटर टाऊनसेंड या समाजशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अशा १७३ संस्था स्वतः फिरून पाहिल्या. ‘द लास्ट रेफ्यूज’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये आला. त्यांनी खाटा मोजल्या, तशीच आतल्या जगण्याचीही नोंद घेतली: सामान ठेवायला स्वतःची जागा आहे का, मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येते का, दिवसभर करायला काही आहे का. अशा संस्थांचा विस्तार थांबवून म्हाताऱ्यांना स्वतःच्या घरी मदत पोचवावी, हा त्यांचा निष्कर्ष. संस्थेचा दर्जा आतल्या माणसाच्या दिवसावरून ठरवण्याची ही तऱ्हा मला या इतिहासातला खरा सांधा वाटते.

अर्थशास्त्र त्यानंतर आले. केंट विद्यापीठातल्या ब्लेडिन डेव्हिस आणि मार्टिन नॅप यांनी १९८१ मध्ये वृद्धनिवासांवरच्या ग्रंथात ‘कल्याणाचे उत्पादन’ अशी मांडणी केली. इमारत, पगार, धान्य ही साधने पैशात मोजता येतात. पण कर्मचाऱ्यांची वृत्ती, घरातले वातावरण, राहणाऱ्याचा स्वभाव यांना बाजारभाव नसतो, तरी निष्पत्ती त्यांच्यावरही ठरते. तेव्हा दोन घरांचा खर्च समान असला म्हणून त्यांचे काम समान ठरत नाही.

सरकारी हिशेब मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. कित्येक दशके राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात सरकारी सेवेचे उत्पादन तिच्यावरच्या खर्चाइतकेच धरले जाई. शंभर पौंड खर्च म्हणजे शंभर पौंडांचे उत्पादन. अशाने उत्पादकता वाढायचा किंवा घटायचा प्रश्नच उरत नाही. १९९८ पासून ब्रिटनने प्रत्यक्ष काम मोजायला सुरुवात केली. वृद्धनिवासात किती जण किती आठवडे राहिले हे मोजायचे आणि त्याला खर्चाचे वजन द्यायचे. इथे नवा पेच आला. एका मदतनिसाकडे पाचांऐवजी आठ माणसे सोपवली की उत्पादकता वाढते. घास भरवायला वीस मिनिटांऐवजी दहाच दिली तरी माणूस तोच, आठवडा तोच. कागदावर संस्था सुधारली. उलट एखादा म्हातारा कमी खर्चात स्वतःच्या घरीच राहू शकला, तर कागदावर उत्पादन घटते. अर्थशास्त्रज्ञ टोनी अ‍ॅटकिन्सन यांच्या २००५ च्या अहवालाने दर्जातला बदलही मोजमापात धरलाच पाहिजे, असे बजावले.

पण दर्जा मोजायचा कसा? केंटमध्येच ‘अ‍ॅस्कॉट’ नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात आठ बाबी आहेत: रोजच्या जगण्यावर स्वतःचा ताबा, अंगाची स्वच्छता, खाणेपिणे, सुरक्षितता, माणसांत मिसळणे, दिवस घालवायला काही काम, जागेची स्वच्छता आणि सन्मान. आजची स्थिती पाहायची, मग ही सेवा नसती तर काय झाले असते याचा अंदाज घ्यायचा. दोहोंतला फरक हे सेवेचे काम. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांच्याजवळ बसून निरीक्षण करायचे. हिशेबनीस म्हणून मला हे पटते, कारण इथे अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळणारे घर तोट्यात दिसत नाही. सेवेवाचून तिचे जितके हाल झाले असते, तितके त्या घराचे काम मोठे ठरते.

ही पद्धतही जादूची कांडी नव्हे. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही ब्रिटनमधली सर्वांत मोठी वृद्धनिवास कंपनी इमारतींच्या भाड्याखाली कोसळली आणि सुमारे ३१,००० वृद्धांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. एखाद्या घरात आठही बाबींचे गुण चांगले असले, तरी ती इमारत कोणाच्या मालकीची आणि भाडे किती, हे त्यांतून कळत नाही.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने राज्यांना जिल्ह्याला किमान एक, निदान १५० निराधारांचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारता येईल अशी तरतूद केली. बेव्हन यांच्या मनात होता त्याच्या पाच-सहापट हा आकडा. संख्येचा धसका घेण्याचे कारण नाही; आपली निकड मोठी आहे. पण दीडशे पाने वाढली एवढ्यावर हिशेब पुरा झाला, असे होऊ नये. वृद्धाश्रमाला देणगी देणाऱ्या माझ्या परिचितांना मी हल्ली एवढेच सुचवतो: ताळेबंद जरूर मागा, पण जेवणाच्या वेळी जा. घास भरवणाऱ्याच्या हाताला घाई आहे का ते पाहा आणि आजीला विचारा, सकाळी किती वाजता उठायचे हे कोण ठरवते.