चौकाच्या पाटीवरच्या चार ओळी

मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर झाले, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली, पार्किंगवरून नेहमीची तू-तू मैं-मैंही झाली, आणि चहा येता येता "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" यात एक विषय निघाला. आपल्या गेटसमोरच्या चौकाला नाव नाही. पंचवीस वर्षे आपण ऑटोवाल्याला "त्या मेडिकलच्या दुकानासमोर" असेच सांगत आलो. महानगरपालिकेकडे अर्ज करून चौकाला वीर बाबूराव शेडमाके यांचे नाव द्यावे, अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली. दोघा-तिघांनी लगेच हात वर केले. मागून कोणीतरी म्हणाले, "पण ते तर गडचिरोलीचे ना?" आणि आमच्याच मजल्यावरच्या एका वहिनींनी सरळ विचारले, "त्यांनी नेमके काय केले हो? फाशी झाली एवढे माहीत आहे."

सूचना मंजूर झाली. पाटीवर नावाखाली चार ओळींची माहिती असावी असेही ठरले, आणि "काका, तुम्ही बँकेत होता, तुमचे ड्राफ्टिंग चांगले," म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. कर्जाच्या प्रस्तावाच्या नोटी मी आयुष्यभर लिहिल्या. वाटले, चार ओळी काय, अर्ध्या तासाचे काम. सहा महिने लागले. का लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो, म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचेही उत्तर होईल.

आधी मागच्या रांगेतल्या शंकेबद्दल. १८५८ साली गडचिरोली नावाचा जिल्हा नव्हता. होता तो चांदा जिल्हा, वर्ध्या-वैनगंगेपासून पार प्राणहिता-इंद्रावतीपर्यंत पसरलेला. चांद्याचे चंद्रपूर झाले १९६४ मध्ये, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. कारभाराच्या सोयीसाठी ते बरोबरच होते. अहेरी-सिरोंच्याच्या माणसाला सातबाऱ्याच्या कामासाठी चंद्रपूरपर्यंत यावे लागे, हे मी स्वतः पाहिले आहे. पण या वाटणीत बाबूरावांचा जन्म एका जिल्ह्यात गेला आणि फाशी दुसऱ्या जिल्ह्यात राहिली. लढायांचीही तशीच वाटणी झाली. राजगड, नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला इकडे मूल-पोंभुर्ण्याच्या बाजूला, आणि घोट, चिंचगुंडी तिकडे. त्यामुळे आपल्याकडे फाशीचा दिवस तेवढा लक्षात राहिला, आणि लढाई झाली ती जणू दुसऱ्यांच्या गावची.

आता हकीकत. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, आणि डलहौसीने औरस वारस नाही म्हणून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही कंपनी सरकारकडे गेला. या भागातले गोंड जमीनदार त्याआधी शेकडो वर्षे आपापल्या जंगलात जवळपास स्वतंत्र होते. गोंड राजे गेले, भोसले आले, तरी यांचे फारसे बिघडले नव्हते. थोडाबहुत टाकोळीचा पैसा भरला की कोणी विचारत नसे. नवे सरकार मात्र मोजणी करणारे होते. जंगल कोणाचे, गाव कोणाचे, वसूल किती, सगळे कागदावर हवे. मी स्वतः कागदावरच पोट भरले, म्हणून कागदाला नावे ठेवत नाही. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याला कागदाची भीती कशी वाटते, ते ग्रामीण शाखेत काम केलेल्यालाच कळते.

मोलमपल्लीची जमीनदारी चोवीस गावांची. तिथले जमीनदार पुल्लेश्वरबापू शेडमाके. त्यांचे थोरले चिरंजीव बाबूराव, जन्म १२ मार्च १८३३, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. इंग्रजी शिकायला रायपूरला गेले होते असे सांगतात. १८५७ च्या सप्टेंबरात, दिल्ली इंग्रजांनी परत घेतली त्याच सुमारास, इकडे चांद्याच्या जंगलात त्यांनी तरुण जमवायला सुरुवात केली. आकडा पाचशेच्या आसपास सांगतात. त्या फौजेला "जंगोम सेना" म्हणत. गोंडांबरोबर त्यात रोहिलेही होते. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळी या मुलुखात रोहिले कामधंदा शोधत, कोणाची ना कोणाची चाकरी करत फिरत. गोंड जमीनदाराच्या फौजेत पठाण खांद्याला खांदा लावून होते.

१८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज पाठवली, आणि १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ ती मागे रेटली गेली. तेवढ्यात अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. मग गढीसुर्ल्याची टेकडी. खाली इंग्रजांची फौज, वर हे लोक. बंदुका कमी, पण दगड भरपूर. वरून गडगडत सोडलेल्या दगडांनी फौज हटली, ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात. पुढे एप्रिल-मे मध्ये घोटपर्यंत चकमकी चालू राहिल्या. एका जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेला त्यांनी सहा-सात महिने नाचवले. त्या वेळी बाबूरावांचे वय पंचवीस, म्हणजे आज आपली सोसायटी आहे तेवढे.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. अडले ते पुढे.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या कामावरच्या इंग्रजांच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. हे सैनिक नव्हते. तारेच्या कामावरचे नोकर होते. पण तार ही त्या वर्षीची सर्वात मोठी तोफ होती, हेही तितकेच खरे. उत्तरेत इंग्रज वाचले त्यात तारेचा वाटा मोठा होता. मग पाटीवर चिंचगुंडी लिहायचे की नाही? माझ्या पहिल्या मसुद्यात "इंग्रजांची तारयंत्रणा उद्ध्वस्त केली" असे वाक्य होते. ते मीच खोडले. दोन माणसे मेली असताना "यंत्रणा" म्हणणे म्हणजे बँकेत बुडीत कर्जाला "पुनर्रचित" म्हणण्यासारखे झाले.

दुसरी अडचण लक्ष्मीबाईंची. घरातल्या नातवंडांना लक्ष्मीबाई म्हटले की झाशीची राणी आठवते, आणि त्या तर त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. या लक्ष्मीबाई अहेरीच्या जमीनदारीण. अहेरी ही चांद्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी. चिंचगुंडीनंतर क्रिक्टनने त्यांच्यावर दडपण आणले, आणि त्यांच्याच माणसांनी १८ सप्टेंबरला बाबूरावांना पकडून चांद्याला पाठवले. त्याआधी एकदा भोपालपट्टणमला ते सापडले होते आणि पहारेकऱ्यांना आपलेसे करून सुटले होते म्हणतात. या वेळी सुटका झाली नाही. बक्षीस म्हणून बाबूरावांची चोवीस आणि व्यंकटरावांची सदुसष्ट गावे अहेरीला मिळाली.

सभेत हे मी वाचून दाखवले तेव्हा एक जण तावातावाने म्हणाले, "फितूर लिहा, काका, फितूर!" मी लिहिले नाही. एक तर आपण पाटी बाबूरावांची लावतो आहोत, दुसऱ्याला शिव्या द्यायला नाही. आणि दुसरे असे की, नागपूरचे एवढे मोठे राज्य डोळ्यांसमोर खालसा झालेले पाहून एक बाई आपली जमीनदारी वाचवायला निघाली, तर तिच्या बाजूने विचार करणारा एक तरी माणूस हवा. ती बरोबर होती असे मी म्हणत नाही. पण पकडून देणारेही गोंड आणि लढणारेही गोंड, हे चार ओळींत कसे मावणार? ते इथे, या पानावर लिहिले म्हणजे पुरे.

खटला चांद्यातच झाला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी. कारागृहाच्या आवारातला तो पिंपळ अजून आहे. दर वर्षी २१ ऑक्टोबरला लांबलांबून आदिवासी बंधू-भगिनी तिथे येतात, पिवळे झेंडे घेऊन. त्याच कारागृहात गैबीशाह वलींचा दर्गा आहे आणि मोहरमला दार उघडले की साऱ्या जातीधर्मांचे लोक दर्शनाला जातात. जेलमध्ये आपण होऊन जायला रांगा लागतात असे आपले गाव. दोर तीनदा तुटला, चौथ्यांदा फाशी लागली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती मी पाटीवर घेतली नाही, पण नातवंडांना जरूर सांगतो.

कागदावरची एक तारीख मात्र मला फार टोचली. १ नोव्हेंबर १८५८ ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला आणि हत्यार खाली ठेवणाऱ्यांना माफी जाहीर झाली. म्हणजे फाशीनंतर अकरा दिवसांनी. इंग्रजांच्या खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांना ती माफी नव्हती, त्यामुळे चिंचगुंडी पुढे करून बाबूरावांना ती नाकारली असती हेच संभवते. व्यंकटराव बस्तरात गेले होते. १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांना धरून दिले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या नावाची पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

आणि ते पाचशे? इथे मी सर्वात जास्त अडलो. १९८० च्या दशकात माझी नेमणूक घोटच्या बाजूला असताना कर्जाच्या तपासणीसाठी एका गावी गेलो होतो. बैलजोडी पाहिली, अंगठा घेतला. निघताना म्हाताऱ्या खातेदाराने डोंगराकडे बोट केले. "साहेब, इंग्रजाशी लढाई तिकडंच झाली होती. आमच्या आज्याचा आजा होता म्हनतेत त्यात." मी विचारले, नाव काय त्यांचे? म्हातारा हसला. "नाव कोन लिहून ठेवलं, साहेब? तुमच्यासारखा लिहिनारा कोनी नव्हता तवा." तेव्हा मी घाईत होतो, शेवटची एसटी चुकेल म्हणून. पुढे काही विचारले नाही. आता विचारायला तो म्हातारा नाही.

नंतर साताऱ्याकडे एका लग्नाला गेलो असता तिथल्या एका गावच्या चावडीत संगमरवरी पाटी पाहिली. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यापैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंग्याचे तर शेहेचाळीस जण त्या युद्धात गेले. गावाला "मिलिटरी अपशिंगे" नाव पडले. तिथेही नावे नाहीत, पण निदान मोजले तरी. इंग्रजांनी आपल्या बाजूने लढलेल्यांचा आकडा दगडावर कोरला. विरुद्ध लढलेल्यांचा कोण कोरणार? बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. आमचे हे पाचशे जण १८५८ पासून तिथेच पडून आहेत.

म्हणून माझे मत असे झाले आहे की एका चौकाने काम भागणार नाही. पुतळ्याचा मार्ग लांबचा असतो. स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचे ना-हरकत, देखभालीची हमी. साध्या पाटीला एवढे लागत नाही. घोसरीत, गढीसुर्ल्यात, घोटला, चिंचगुंडीला त्या त्या ग्रामपंचायतीने एक ठराव करून वेशीवर पाटी लावली तर पुरे. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो; १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकारच दिलेला आहे. त्याच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ग्रामसभेच्या जोरावर जंगलाचा हक्क मिळवला, तर पाटी ती काय? कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांकडून ऐकलेले एखादे नाव असेल तर ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवावे. खात्री नंतर करता येईल, पण नोंद आता झाली पाहिजे. आपल्या सोसायटीतही मूल, चामोर्शी, अहेरीकडची घरे आहेत. दिवाळीत गावी जाल तेव्हा म्हाताऱ्यांना विचारा.

आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा चंद्रपूरला १८६७ पासूनची नगरपालिका होती. २०११ मध्ये महानगरपालिका झाली, आणि आता अर्ज तिच्याकडे गेला आहे, पोच घेतली आहे, पोचेची झेरॉक्स सचिवांच्या फाइलमध्ये आहे. (हे बँकवाल्याचे व्यसन, क्षमा असावी.) ठराव होईपर्यंत मजकूर तयार असावा म्हणून कार्यकारिणीने मान्य केलेला शेवटचा मसुदा इथे देतो. कोणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर ऑफिसात लेखी द्यावी.

"वीर बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके (१८३३–१८५८), मोलमपल्लीचे जमीनदार. १८५८ मध्ये त्यांनी व घोटचे व्यंकटराव यांनी गोंड आणि रोहिले साथीदारांसह राजगड, नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला, घोट येथे इंग्रज सत्तेशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी. त्यांच्याबरोबर लढलेल्या आणि ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत अशा सर्वांचे स्मरण."

पेंटरला माप दाखवले. तो म्हणाला, "काकाजी, शेवटची ओळ काढा, नाहीतर सगळं अक्षर बारीक करावं लागते." मी म्हटले, बारीक कर.