प्रेमोक्तीची रूपे : फ्रेंच, स्पॅनिश आणि मराठी

नागपूर जिल्ह्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे, हातमागाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव. त्या परिसरातील नागपुरी बोलीत ‘मला’चे ‘मले’ होते आणि ‘मला तू आवडतेस’ हे वाक्य ‘मले तू आवडते’ असे उच्चारले जाते. या वाक्यात प्रेम करणारा प्रथमेत नसून चतुर्थीत आहे. क्रियापद चालते ते प्रिय व्यक्तीच्या अनुरोधाने. एवढ्यावरून मराठी माणूस प्रेमाची कबुली देण्यास कचरतो आणि प्रेमाची खरी भाषा फ्रेंच वा स्पॅनिश होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इतिहास त्यास पुष्टी देत नाही.

प्रथम फ्रेंचचा विचार करू. लॅटिन ‘फ्लोरेम’पासून फ्रेंचमध्ये ‘फ्लर’ (फूल) हा शब्द झाला. त्याच ध्वनिनियमाने ‘आमोरेम’चे ‘आमर’ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात रूढ झाला तो ‘आमूर’, म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेतून आलेला शब्द. बाराव्या शतकात त्या भाषेतील त्रुबादूर कवींच्या प्रेमगीतांना जी प्रतिष्ठा लाभली, तिचीच ही खूण. प्रेमाची म्हणून गाजलेली भाषा प्रेमाचा शब्दच शेजारणीकडून घेते! ‘झ तेम’ या उक्तीतही गंमत आहे. तिला ‘चांगले’ या अर्थाचे ‘बियँ’ जोडले की भाव वाढत नाही, उलट ओसरतो आणि केवळ स्नेह उरतो.

स्पॅनिश ‘ते किएरो’मधील क्रियापद लॅटिन ‘क्वेरेरे’ म्हणजे ‘शोधणे, मागणे’ यापासून आले. शोधणे, इच्छिणे, प्रेम करणे असा त्याचा अर्थप्रवास. आईबाप, मित्र, प्रियजन या सर्वांस ते चालते. ‘ते आमो’ अधिक गंभीर. तथापि तिसरी उक्ती, ‘मे गुस्तास’, ही खाप्याच्या वाक्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद द्वितीय पुरुषी. फ्रेंच ‘तु म प्ले’चा घाटही हाच. चतुर्थीतील प्रेमिक हे मराठीचे वैगुण्य नव्हे. युरोपातील भाषांनाही तो परिचित आहे.

प्राचीन पुराव्यात आणखी एक साम्य आढळते. सॅम्युएल स्टर्न यांनी १९४८ मध्ये हिब्रू ‘मुवश्शह’ काव्यांच्या अखेरीस येणाऱ्या रोमान्स भाषेतील ओळी उजेडात आणल्या. ‘खर्जा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ओळींपैकी सर्वांत जुन्या अकराव्या शतकातील आहेत. अनेकींचे वाचन वादग्रस्त असले तरी बहुतेकींत विरहिणी बोलते आणि प्रियकरास अरबी ‘हबीब’ हा शब्द योजते, हे स्पष्ट आहे. महाराष्ट्री प्राकृतातील, सातवाहन राजा हालाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’तही कितीतरी गाथा स्त्रीमुखी आहेत.

विदर्भापुरते पाहिल्यास या परंपरेचे शिखर म्हणजे रुक्मिणीचे पत्र. भागवताच्या दशम स्कंधात कुंडिनपूरची ही राजकन्या ब्राह्मणाहाती द्वारकेस निरोप धाडते. अवघ्या सात श्लोकांत ती आपली निवड सांगते आणि हरणाचा दिवस व स्थळही सुचविते. वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हेच ते नगर, अशी श्रद्धा आहे. महानुभाव कवी नरेंद्र आणि पुढे १५७१ मध्ये एकनाथ यांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ मराठीत आणले. एकनाथांच्या ग्रंथाचे विवाहेच्छू मुलींनी पारायण करण्याची प्रथा रूढ झाली. ज्या समाजात विवाह वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचा, तेथेच भावाचा बेत मोडून स्वतः वर निवडणाऱ्या कन्येची कथा घरोघरी पवित्र मानून वाचली गेली.

‘प्रेम’ या संस्कृत नामाचे क्रियापद करण्यास मराठीत ‘करणे’ जोडावे लागते हे खरे; परंतु ‘जीव जडणे’, ‘मन बसणे’, ‘आवडणे’ या प्रयोगांत प्रेम हे कृत्य नसून घडून येणारी गोष्ट आहे. उक्तीचे धैर्य विभक्तीवर अवलंबून नसते. कुंडिनपूरच्या कन्येने ते दाखविले आहे.