रुपयाचा शंभरावा भाग

१९५७ साली टाकसाळीतून बाहेर पडलेले एक नया पैशाचे तांबूस नाणे आकाराने लहानच. पण त्यावर टाकसाळीने एक अख्खा धडा कोरला होता : 'रुपये का सौवाँ भाग'. पाच नये पैशांच्या चौकोनी नाण्यावर 'बीसवाँ भाग' आणि कंगोरेदार दहा पैशांच्या नाण्यावर 'दसवाँ भाग' असे शब्द होते. आकडा १०, शेजारी त्याचा अपूर्णांक. सोळाच्या हिशेबावर वाढलेल्या देशाला शंभराचा हिशेब शिकवायचा, तर फळा म्हणून नाण्याइतके घरोघर पोचणारे दुसरे काय सापडले असते?

तोवरचा रुपया सोळा आण्यांचा. आण्याचे पैसे चार, पया बारा. म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पया. नव्या पिढीला हे आकडे अडगळीसारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे पक्की रचना होती. रुपयाचा पाव भाग पावली, पावलीचा पाव भाग आणा, आण्याचा पाव भाग पैसा. प्रत्येक पायरी चारने उतरायची. कीर्दीत आणि खतावणीत हे लिहायची रीतही तशीच आटोपशीर होती. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन रेघा म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. उरलेल्या आण्यांसाठी त्यापुढे छोट्या रेघा. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'किंमत २॥ रुपये' असे दिसते ते याच रीतीने.

वजनेही याच वळणाची. शेराचा अर्धा अच्छेर, मग पावशेर, नवटाक आणि शेवटी सोळावा भाग छटाक. धान्याच्या मापात शेर, मापटे, चिपटे, कोळवे, नेळवे. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मे. रुपयातही सोळा आणि शेरातही सोळा, हे व्यवहारात फार सोयीचे होते. तूप शेराला तीन रुपये असेल तर छटाकाला तीन आणे. भाव पाच रुपये झाला, तर छटाकाला पाच आणे. गुणाकार नाही, भागाकार नाही. नुसते रुपयाच्या जागी आणा म्हणायचे. सोन्याचेही तसेच. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा आणि रुपयाच्या एकशे ब्याण्णव पया, म्हणून तोळ्याचा भाव जितके रुपये, त्याच्या दुप्पट पया गुंजेला. डझनाला एक आणा असेल तर नग एक पैला.

पैचे खरे मोल तिच्या बारात होते. नुसते निम्मे-निम्मे करत गेले की तिसरा भाग कधीच हाती लागत नाही. आण्याच्या बारा पया केल्यामुळे तो लागायचा. एक रुपया तिघांत वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पया, बाकी शून्य. शंभर पैशांच्या रुपयाला हे आजही जमत नाही. तेहतीस, तेहतीस आणि चौतीस करावे लागतात, कारण एकतृतीयांश दशांशात लिहायला गेले की तीनमागून तीन येतच राहतात.

त्यामागचे गणित साधे आहे. छेदाचे मूळ अवयव फक्त दोन आणि पाच असतील तरच दशांश अपूर्णांक कुठेतरी थांबतो. सोळा आणि चौसष्ट हे दोनचेच घात. म्हणून आणा बरोबर ०.०६२५ रुपया आणि जुना पैसा बरोबर ०.०१५६२५ रुपया, दोन्ही थांबतात. पै मात्र एकशे ब्याण्णवावा भाग, आणि एकशे ब्याण्णवात एक तीन लपलेला. तिचे दशांश रूप ०.००५२०८३३३… असे चालतच राहते.

मग ही व्यवस्था बदलली का? टक्केवारीपुढे तिचे काही चालत नव्हते. ३७ रुपये ११ आणे ९ पयांवर शेकडा सहा व्याज काढायचे, तर आधी सगळ्याच्या पया करायच्या : ७२४५. त्यांना सहाने गुणून शंभराने भागायचे : ४३४.७ पया. मग एकशे ब्याण्णवाने भागून रुपये, उरलेल्यांचे बाराने भागून आणे. उत्तर दोन रुपये चार आणे आणि जवळपास तीन पया. तीच रक्कम ३७ रुपये ७३ पैसे अशी लिहिली, तर एका गुणाकारात दोन रुपये सव्वीस पैसे मिळतात. बँका, विमा, आयकर, रेल्वे, सगळा आधुनिक कारभार शेकड्यावर चालतो. शेकड्यात एक म्हणजे जुन्या रुपयात एक पै आणि वर ब्याण्णव शतांश. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार या त्रासात ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

दशांशाची बाजू मांडणारे पहिले नामांकित पुस्तक १५८५ सालचे. फ्लँडर्सच्या सायमन स्टेव्हिन यांनी ते डच भाषेत लिहिले, ते मोजणीदार, कापड मोजणारे आणि व्यापारी यांच्यासाठी. नाणी आणि वजने सरकारने दहाच्या पटीत करावीत, ही सूचनाही त्यांनी तेव्हाच केली होती. भारतात संसदेने १९५५ मध्ये नाणेविषयक कायदा दुरुस्त केला आणि सोमवार, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले.

त्या दिवशी देशातल्या प्रत्येक बाजारात एकच उदाहरण सुटायला लागले : अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करा. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वाचे नाणे नाही. कायद्याने नियम घालून दिला की जवळचा पूर्ण पैसा धरावा आणि बरोबर अर्धा आला तर खालचा. म्हणून एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५, पुढे ३१, ३७, ४४, ५०. सोळा आण्यांची ही यादी नीट पाहिली तर दिसते की आठ ठिकाणी आकडा खाली येतो, चार ठिकाणी वर जातो आणि चार, आठ, बारा, सोळा या चार ठिकाणी तंतोतंत बसतो. नियम पैसे देणाऱ्याच्या बाजूने झुकलेला होता, आणि गरिबांच्या देशात ते योग्यच होते.

तरी अडचण राहायचीच. एक आण्याच्या चहाचे सहा पैसे घेतले, तर सोळा कपांचे शहाण्णव होतात आणि रुपयामागे विकणाऱ्याचे चार पैसे जातात. सात घेतले तर एकशे बारा होतात आणि गिऱ्हाईक बारा पैशांनी नाडले जाते. त्याच १ एप्रिलला निघालेल्या भारताच्या नकाशाच्या टपाल तिकिटांत एक तिकीट १३ नये पैशांचे होते. दोन आण्यांचे साडेबारा होतात. तेरा हा त्याच्या वरचा आकडा.

सर्वांत कठीण गेली ती पुढची दोन-चार वर्षे. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, पण त्याचा अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. तोवर तागडीत शेर-छटाक आणि गल्ल्यात नये पैसे. सोळाची सोळाशी जोडी तुटली होती आणि शंभराची हजाराशी अजून जुळायची होती. शेराला तीन रुपये, तर छटाकाला पावणेएकोणीस पैसे! दुकानदार या काळातही मनातल्या मनात आण्यांतच हिशेब करत राहिले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. किलो आला तेव्हा हिशेब पुन्हा सरळ झाला : किलोला तीन रुपये, तर शंभर ग्रॅमला तीस पैसे. ९३३ ग्रॅमचा शेर गेला, पण बाजारात अडीचशे ग्रॅमला 'पावशेर' म्हणणे आजही चालू आहे.

गोव्याला हे संक्रमण दोनदा पार करावे लागले. पोर्तुगीज अमलातला रुपियाही सोळा टांगांचा होता. तो १९५८-५९ च्या सुमारास जाऊन शंभर सेंटाव्हुचा एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ नया पैसा आला. त्यातला 'नया' हा शब्दही १ जून १९६४ ला गळला.

या बदलात मराठी शाळांनी मात्र गरजेपेक्षा जास्त टाकून दिले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, ही अपूर्णांकांची पाढेमाला मुले रोज संध्याकाळी परवच्याला म्हणत. आणे गेले तशी ती पाठ्यक्रमातून मागे पडत गेली. खरे तर दशांशाला तिची अडचण कधीच नव्हती. तीन अष्टमांशाचे दशांश रूप विचारले की आजचे मूल कागदावर भागाकार मांडते. निमकी-पावकीवर वाढलेले डोके ०.५ चे निम्मे ०.२५, त्याचे निम्मे ०.१२५, त्याची तिप्पट ०.३७५ असे तोंडी उतरते. रुपया शंभराचा केला हे योग्यच झाले; पाढे सोडले ही चूक झाली.

१९५७ मध्ये सात-आठ वर्षांची असलेली मुले आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना औटकी अजून शेवटपर्यंत येते. घरात असे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याकडून ती एकदा म्हणवून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि पाचवी-सहावीतल्या नातवंडाला दशांश अपूर्णांकांचा धडा सुरू होण्याआधी निदान पावकी तरी पाठ करायला लावा.